बिननारळाची आमटी

अक्षता राऊळला बोलायला उभं केलं की समोरच्याने घड्याळाकडे बघू नये, हे दिंडोशीच्या तिच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत होतं. गणपतीतलं सूत्रसंचालन तिचं. पाण्यावरून वॉर्ड ऑफिसात भांडायला बायका निघाल्या की सगळ्यांच्या पुढे ती. आणि कॉलेजात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या मराठीच्या वर्गात, जिथे बाकीची मुलं हजेरीपुरतंच तोंड उघडत, तिथे तासभर आवाज कोणाचा, तर तिचाच. मराठी घेतलं म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. त्या नाकांचं तिने काही मनावर घेतलं नाही. आपल्याला बोलता येतं, आपण प्राध्यापक होणार, विषय संपला.

कुंडलिक सर त्या वर्गाला नाटक शिकवत. मूळचे जालन्याकडचे, राहायला मुलुंडला, बोलायला कमी. त्यांची एक पद्धत होती. अभ्यासाला लावलेल्या नाटकातली एकेक ओळ ते एकेका विद्यार्थ्याला वाटून देत. हातात कागद न घेता वर्गापुढे उभं राहायचं आणि ती ओळ सोडवून दाखवायची. परीक्षेतल्या ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ची तालीमच म्हणा ना. कोण बोललं, कोणाला बोललं, कधी बोललं, हे तर सांगायचंच. पण शेवटी सर स्वतःचा एक प्रश्न टाकत, आणि त्या प्रश्नाला भलेभले गार पडत.

या वर्षीचं नाटक होतं एक शोकांतिका. खाडीकाठचा नावाडी भानजी. त्याच्या धाकट्या भावाचा जीव रायबा नावाच्या माणसामुळे गेलेला. भानजी काही दिवस गप्प राहतो आणि एक दिवस रायबाला मुद्दाम भोक पाडलेल्या होडीत बसवतो. रायबा बुडतो. गाव अपघात म्हणून हळहळतं, भानजीवर कोणाचा संशयसुद्धा येत नाही. सूड पुरा होतो. पण मग भानजी जेवताना रिकाम्या जागेकडे बघून बोलायला लागतो, बायको मुलांना घेऊन माहेरी जाते, आणि चौथ्या अंकात घरात उरतात फक्त तो आणि त्याची म्हातारी आई. त्या आईला तो म्हणतो, “ज्याला मी बुडवलं, तोच आता माझ्या घरी राहायला आलाय, बाकीचे सगळे उठून गेले.”

नाटकाचा सगळा जीव या एका ओळीत होता आणि ही ओळ सरांनी अक्षताला दिली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. दुसऱ्या कोणाला दिली असती तर वाटलं असतं.

शुक्रवारी ती उभी राहिली आणि तिने वर्ग जिंकला. सूड म्हणजे काय, अपराधाची भावना म्हणजे काय, दोन्ही एकाच माणसाच्या पोटात कशी नांदतात, रायबा हा आता माणूस नसून भानजीच्या मनाचा तुकडा कसा आहे, हे तिने असं काही मांडलं की मागच्या बाकावरचा प्रितम, जो एरवी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तोही म्हणाला, “झकास यार.” टाळ्या पडल्या. सरांनी टाळ्या संपू दिल्या.

“छान बोललीस,” ते म्हणाले. “आता सांग, ऐकणारा काय करतो?”

अक्षता म्हणाली, ऐकणारी आई आहे, ती काय करणार, ती गप्प बसते. सर म्हणाले, पुस्तक उघड. तिने उघडलं. ओळीच्या खाली कंसात एवढंच होतं: आई उठते. आणखी एक पान मांडते.

आता हे वाक्य अक्षताने वाचलं नव्हतं असं नाही. पण कंसातलं परीक्षेत कोणी विचारत नाही, गाइडवाले तर ते छापतसुद्धा नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं मराठीची मुलं जशी कंसावरून उडी मारून पुढे जातात तशी तीही गेली होती. मुलगा सांगतोय की मेलेला माणूस घरी राहायला आलाय, आणि आई त्याचं पान मांडते. का? ती वेडी आहे? तिला माया आली? की तिला आधीपासून माहीत होतं? अक्षताला उत्तर सुचेना. कॉलेजच्या तीन वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. सर म्हणाले, सोमवारी परत उभी राहा.

घरी येईपर्यंत ती चरफडत होती. मी एवढं बोलले त्याचं काही नाही आणि कंसातलं एक वाक्य घेऊन बसलेत. दार आईने, म्हणजे मालनने उघडलं, आणि अक्षता चपला काढतेय तोवर ती लगबगीने आत गेलीसुद्धा, कारण मोठ्या काकांची जेवायची वेळ झाली होती.

या मोठ्या काकांचं सांगायला हवं. गुणाजी राऊळ, अक्षताच्या बाबांचे, सुशांतचे थोरले भाऊ. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. गिरणी गेली तसा धाकटा मुंबईतच चिकटला आणि थोरला कोकणात घर सांभाळायला गेला. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ थोडी जड झाली. बायको आधीच वारलेली. मुलगी गंधाली सांताक्रूझला राहते, नवराबायको दोघांची चांगली नोकरी, लिफ्टची इमारत. तिने बापासाठी खोली रिकामी केली होती. पण काका हॉस्पिटलातून निघताना म्हणाले, सुशांतकडे न्या. सगळे चक्रावले. कारण सुशांत आणि गुणाजी यांच्यात त्याआधी कितीतरी वर्षं शब्द नव्हता. तरी काका आले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या, स्वयंपाकघराच्या घरात बाहेरच्या दिवाणावर त्यांनी मुक्काम टाकला. अक्षता आतमध्ये ओट्याशेजारी अभ्यासाला बसायला लागली.

मालनने त्यांची जी सेवा मांडली ती बघून अख्खी सोसायटी तिचं नाव काढायची. ब्लाउज शिवायचं तिचं मशीन गॅलरीत गेलं. काकांची अंघोळ, त्यांचं सगळं तीच करायची, भरवायचीसुद्धा. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओवाली मुलगी कानीकपाळी ओरडून गेली की ताई, डाव्या हाताने जेवू द्या त्यांना, तुम्ही भरवता म्हणून ते हात हलवत नाहीत. मालन हो म्हणायची आणि ती जिना उतरली की घास करायला घ्यायची. काका आ करायचे. मालन स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं जेवायची. वर्षभरात तिची हाडं दिसायला लागली होती. गेल्या महिन्यात मशीनवर बसल्या बसल्या तिला घेरी आली. गंधालीने पुन्हा फोन केला, काकी, आता मी नेते बाबांना. मालनने एवढंच सांगितलं की ते इथून जाणार नाहीत.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे नारळ. राऊळांच्या घरात नारळ शिजेनासा झाला होता. बाहेरच्या माणसाला यात काय एवढं वाटेल, पण मालवणी घरात माशाच्या आमटीत नारळ नाही म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय. सोलकढी बंद. वाटण बंद. बांगड्याची नुसती चिंचेची, पाणचट, लाल आमटी. मालन सांगायची, डॉक्टरांनी काकांना नारळ बंद केलाय. कुठल्या डॉक्टरांनी ते कोणी विचारलं नाही. सुशांत विमानतळावर सामानाच्या विभागात सुपरवायझर होता, दिवसभर माणसांवर ओरडून घरी यायचा, घरी आल्यावर ताटात पडेल ते गिळायचा.

त्या शुक्रवारी अक्षता ओट्याशेजारी बसली आणि तिने बाहेर बघितलं. आईने पान घेतलं. आधी काकांचं. पान हातात घेऊन ती दिवाणापाशी क्षणभर थांबली, खाली बघत, कोणाच्या तरी पुढे जाब द्यायला उभं राहावं तशी. मग घास केला.

कंसातलं वाक्य अक्षतासमोर चाललं होतं. आणि ते दोन वर्षं दिवसातून दोनदा चालत आलं होतं.

मग तिला कुलूप आठवलं.

ती सातवीत असतानाचा गणपती. कोण गणपती आणणार यावरून भावाभावांत फोनवर वाद झालेला, पण वाद काय दर वर्षी व्हायचा. ती, आई आणि बाबा एसटीने रात्रभर प्रवास करून गावी पोचले तर जुन्या घराच्या दाराला कुलूप. गणपतीच्या दिवशी घराला कुलूप! मोठ्या काकांनी मूर्ती शेजारच्या आपल्या नव्या घरात बसवली होती आणि किल्ली माझ्याकडे नाही म्हणून आतूनच सांगून पाठवलं होतं. चाकरमान्याला यापेक्षा मोठा अपमान नाही. मालनने मुंबईहून मोदक करून आणले होते. त्या मोदकांची टोपली धरून अक्षता अंगणात उभी होती आणि वाडीतली माणसं दगडी गडग्यावरून बघत होती. बाबा मान खाली घालून परतीची गाडी बघायला गेले. आई म्हणाली, तू इथेच बस, मी देवळात जाऊन येते. तिच्या हातात एक नारळ होता. परत आली तेव्हा नव्हता. बारा वर्षांच्या मुलीला त्यात विशेष काय वाटणार? देवळात नारळ नेतातच.

शनिवारी दुपारी काकांचा डोळा लागल्यावर अक्षता गॅलरीत मशीनशेजारी जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं. तिला आडून विचारता येत नाही.

“आई, त्या गणपतीत तू देवाला काय सांगितलंस?”

मालनचा पाय मशीनवरून सुटला. तिने कापड बाजूला ठेवलं, दाराकडे बघितलं, आणि एवढ्या हळू बोलायला लागली की अक्षताला पुढे वाकावं लागलं. गावात ही रीत आहे. ज्याचं कोणी ऐकत नाही त्याने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे आपली तक्रार देवाच्या कानावर घालायची, गुरव साक्षीला. मग निकाल देवाचा. मालनने त्या दिवशी रडत रडत जे तोंडाला आलं ते सांगितलं होतं.

“मी म्हटलं, ज्या हातानं माझ्या लेकरापुढे कुलूप घातलं, तो हात परत वर उठू देऊ नकोस.” तिने आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला. “उजवाच गेला, अक्षता. पाय नंतर. आधी हात.”

अक्षताकडे उत्तर तयार होतं. काकांची साखर चारशेच्या घरात होती, तंबाखू सुटली नव्हती, बीपीची गोळी ते आठवण आली तर घ्यायचे. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली की उजवा हात जातो, त्यात देवाचा काही संबंध नाही. हे तिने सगळं नीट, मुद्देसूद सांगितलं. मालनने ऐकून घेतलं. रिपोर्ट मीच आणलाय, मला माहीत आहे, ती म्हणाली. पण मी मागितलं होतं की नाही?

यावर काय बोलणार? मागितलं तर होतंच. भानजीने होडीला भोक तरी पाडलं होतं, मालनने नुसता नारळ ठेवला होता, पण रात्री पाठीला पाठ लावून झोपायला अपराध तोच येत होता. काकांचा हात गेला तेव्हापासून मालन नारळाला हात लावत नव्हती. वाढवत नव्हती, खवत नव्हती, खात नव्हती. देवापुढचा नारळ तर मागे घेता येत नव्हता. तो मागे घ्यायचा तर ज्याच्यावर ठेवला त्याने आणि जिने ठेवला तिने दोघांनी एकाच नारळाला हात लावून नवं गाऱ्हाणं घालावं लागतं, म्हणजे त्याला सांगावं लागतं. आणि ते सांगायची मालनची छाती नव्हती. झटका दुसऱ्यांदा येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आपण सांगितलं आणि तेवढ्यानेच ते गेले तर?

अक्षताने तिथल्या तिथे ठरवलं की हे सांगायचं. नाटकात भानजी कोणालाच सांगत नाही, आईला सांगतो तेही कोड्यात, आणि पाचव्या अंकात खाडीत चालत जातो. आपली आई खाडीत जाणार नव्हती, ती ओट्याशी उभ्या उभ्या झिजून जाणार होती. हे बघत बसणाऱ्यातली अक्षता नव्हे. तिने आईला सांगितलं, उद्या रविवार, बाबा घरी आहेत, उद्या बोलायचं. तू नाही बोललीस तर मी बोलेन. मालनने तिचा हात घट्ट धरला, पण नाही म्हणाली नाही.

रविवारी सकाळी सुशांत बांगडे आणायला बाजारात गेला होता. काकांना उशीला टेकवून बसवलं होतं, टीव्ही चालू होता. अक्षताने जाऊन टीव्ही बंद केला. कार्यक्रमाची प्रस्तावना करायची तिची सवय, त्यामुळे सुरुवात जोरात झाली. मोठे काका, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, ती नीट ऐकून घ्या, रागावू नका, वगैरे. तिसऱ्या वाक्याला मालन स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

“गप, मी सांगते,” ती म्हणाली, आणि दिवाणापुढे उभी राहिली. “भावजी, तुमच्या हातावर मी नारळ ठेवलेला. गणपतीत. कुलूप घातलंत तेव्हा.”

काका तिच्याकडे बघत राहिले. अक्षताने पाण्याचा तांब्या कुठे आहे ते नजरेने बघून ठेवलं. डॉक्टरांचा नंबर मोबाइलवर काढूनच ठेवला होता.

“माका ठावक आसा,” काका म्हणाले.

मालनला वाटलं जीभ जड आहे म्हणून आपण चुकीचं ऐकलं. तिने परत विचारलं. काकांनी सावकाश, एकेक शब्द घोळवत सांगितलं. गुरवाने दुसऱ्याच दिवशी त्यांना येऊन सांगितलं होतं. गावात काय लपतं? पहिली काही वर्षं ते त्यावर हसायचे, चावडीवर हात उंच करून दाखवायचे, बघा रे, उठतो की नाही. मग एक दिवस हात उठला नाही.

“मग माझ्याकडे कशाला आलात?” मालनचा आवाज चढला. “गंधाली न्यायला तयार होती. माझ्याकडे का?”

“म्हणानच इलंय.” काकांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “म्हटलंय, जिच्या नारळान ह्यां झाला, तिच्याच घरात जाऊन पडूया. बघीत ऱ्हवांदे रोज.”

म्हणजे बघत राहू दे रोज. आपण काय केलंय ते तिला रोज डोळ्यांपुढे दिसू दे. काका आजारपणाला आले नव्हते, सूड उगवायला आले होते. दिवाणावर पडून, आ करून, एकेका घासाने.

अक्षता मालनकडे बघत होती. तिला वाटलं आता आई रडणार, खाली बसणार, आता तांब्या तिलाच लागणार. पण मालन रडली नाही. ती चिडली. दोन वर्षं जी बाई या घरात पाय न वाजवता चालत होती, तिने कमरेवर हात ठेवले.

“दोन वर्षं मी तुमचं सगळं काढलं,” ती म्हणाली. “माझं पाप म्हणून काढलं. देवाला तोंड दाखवायची चोरी झाली मला. आणि तुम्ही इथे पडून मजा बघत होतात?”

“मजा कसली?” काकाही तापले. जड जिभेवरून शब्द घसरत होते, पण थांबत नव्हते. “दोन वर्सां बिननारळाचा सांबारा खातंय. सकाळ नाय, सांज नाय. माका वाटला, हात नेऊन तुझा मन भराक नाय, आता माझ्या जिभेवर सूड घेतंस.”

मालनने कमरेवरचे हात खाली घेतले. तिने प्रायश्चित्त म्हणून सोडलेला नारळ या माणसाने शिक्षा म्हणून खाल्ला होता, किंवा खाल्ला नव्हता, काय म्हणायचं ते म्हणा. तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती दिवाणाच्या कडेवर बसली आणि मग मात्र डोळ्यांना पदर लावला. काका खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांना हसायचं नव्हतं, पण त्यांचं पोट हलत होतं.

अक्षताला वाटलं, झालं, जिंकलो. सोमवारचं उत्तर मिळालं. सूड घेणाऱ्याच्या घरी जो राहायला येतो तो मनाचा तुकडा वगैरे नसतो, तोही आपला हिशोब घेऊन आलेला असतो. हे वाक्य तिने मनात दोनदा म्हणून बघितलं, चांगलं वाटलं. इतक्यात काका तिच्याकडे वळले.

“तुका एक सांगू?” ते तिला म्हणाले. तिच्याशी ते फारसे बोलत नसत. “त्या दिवसा मी खिडकीतसून बघी होतंय. तू अंगणात उभा होतंस. टोपली घेऊन. तुझ्या आवशीन सांगल्यान बस, तरी तू बसाक नाय.”

अक्षताने हातातला मोबाइल खाली ठेवला.

“तां चेडू माझ्या घरातसून गेलाच नाय,” काका म्हणाले. “तुझी काकी गेली, गंधाली मुंबईक इली, मी एकटोच. आणि अंगणात तां चेडू, टोपली घेऊन. रोज.”

चेडू म्हणजे पोर. ती पोर. इतकी वर्षं अक्षता दिंडोशीत वाढत होती, भाषणं करत होती, बक्षिसं घेत होती, आणि तिकडे त्या कुलूपबंद घराच्या अंगणात ती बारा वर्षांचीच राहिली होती, एका माणसाला जेवण गोड लागू न देता. तिने कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. नुसती उभी राहिली होती. ज्याला मी बुडवलं, तोच आता माझ्या घरी राहायला आलाय. ही ओळ ती शुक्रवारी केवढ्या रुबाबात बोलली होती, आणि ती बोलत असताना ओळीतला ‘तो’ आपण स्वतः आहोत हे तिच्या गावीही नव्हतं. तिला या म्हाताऱ्याचा राग यायला हवा होता, तो आलाही, पण रागाच्या आधी त्याची दया आली आणि ती तिला आवरता आली नाही.

सुशांत बांगडे घेऊन आला तो या अवस्थेत. बायको डोळे पुसतेय, भाऊ खिडकीकडे बघतोय, मुलगी चक्क गप्प. मुलगी गप्प बघून तो सगळ्यात जास्त घाबरला. मालनने त्याला पिशवी खाली ठेवू दिली नाही. म्हणाली, परत जा, एक नारळ आणा. त्याने विचारलं, नारळ? डॉक्टरांनी तर... मालन म्हणाली, डॉक्टर मेला खड्ड्यात, शेंडीचा आणा. नवरा पायऱ्या दोन-दोन करत उतरला.

नारळ आला. देव गावी आणि ही माणसं दिंडोशीत, पण देवाला ऐकू जातं, असं मालनने ठरवून टाकलं. काकांचं तोंड दक्षिणेच्या खिडकीकडे केलं. कोकण त्या बाजूला. त्यांच्या डाव्या हाताच्या पंजावर नारळ ठेवला आणि वरून मालनने आपला उजवा हात ठेवला. चारचौघांसमोर मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं काम घरच्या पुरुषाचं, म्हणून सगळ्यांनी सुशांतकडे बघितलं. सुशांतने घसा खाकरला, “बा देवा” म्हणाला आणि अडकला. बिचाऱ्याला विमानाच्या सामानापलीकडे कधी काही हाताळायची वेळ आली नव्हती.

मग अक्षता पुढे झाली. या वेळी तिच्याकडे प्रस्तावना नव्हती.

“बा देवा म्हाराजा,” ती म्हणाली, “एका दाराला कुलूप पडलं, त्याचा नारळ तुझ्यापुढे आला. तो नारळ ठेवणारी आणि ज्याच्यावर ठेवला तो, दोघं आज एका नारळाला हात लावून तुझ्यापुढे आहेत. त्यांचं त्यांनी एकमेकांना सांगितलंय. आता तू मधून बाजूला हो. आणि अंगणात एक पोरगी टोपली घेऊन उभी आहे, तिलाही आता घरी जाऊ दे.”

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं असतं. पहिला आवाज आला तो काकांचा, जड, अर्धवट, पण सगळ्यांत आधी. मग मालनचा. सुशांतला काय चाललंय ते निम्मंही कळलं नव्हतं, तरी त्याने खच्चून म्हटलं.

मालनने नारळ उंबऱ्यापाशी वाढवला. नारळाची एक कवड देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन ती खवणीवर बसली. खवताना तिला मदत करायला जायची कोणाची हिंमत झाली नाही. वाटण मिक्सरला लागलं, तिरफळ पडलं, आणि जिन्यातून वर जाणाऱ्या शेजारणीने दारातून डोकावून विचारलं, काय गं मालन, आज कोण पाहुणे? मालन म्हणाली, पाहुणे नाहीत, घरचेच आहेत.

त्या दिवशी चार पानं एकदम मांडली. काकांचं स्टुलावर, बाकीची खाली, आणि मालन सगळ्यांबरोबर जेवायला बसली. आमटी केशरी, दाट, कडेला तेलाचा तवंग. काकांनी वास घेतला, डोळे मिटले आणि सवयीने आ केला.

मालन जागची हलली नाही. तिने आपला पहिला घास शांतपणे खाल्ला. मग आमटीचं पातेलं उचलून काकांच्या डाव्या हाताशी सरकवलं, त्यात डाव टाकला आणि म्हणाली, “डावा हात आहे ना? वाढून घ्या.”

काकांनी तोंड मिटलं. डाव्या हाताने डाव धरला. पहिल्यांदा आमटी स्टुलावर सांडली, दुसऱ्यांदा लुंगीवर, आणि तिसऱ्यांदा भातावर पडली. कोणी उठलं नाही, कोणी फडकं आणलं नाही. अक्षता घास हातात धरून बघत होती. उद्या सर परत विचारणार होते, ऐकणारा काय करतो, आणि उद्या ती पहिल्यांदाच थोडकं बोलणार होती. काकांनी बोटं चाटली आणि पातेलं पुन्हा स्वतःकडे ओढलं.